ड्यूररचा गेंडा आणि गोव्यातली मुलं

युरोपातला प्रबोधनकाळ मुलांना दाखवायचा म्हटला की थोर कलाकृतींपासून सुरुवात करायचा मोह होतो. मोनालिसा, सिस्टीन चॅपलचं छत, डेव्हिडचा पुतळा. मुलं बघतात, ‘मस्त आहे’ म्हणतात आणि पान उलटलं जातं. यात मुलांचा काही दोष नाही. जी गोष्ट थोर म्हणूनच पुढ्यात येते तिच्याशी वाद घालता येत नाही, आणि वाद घालायला मिळाला नाही तर दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कशाचीच गोडी लागत नाही. आमच्या रविवारच्या गटासाठी मी मुद्दाम चुका असलेलं चित्र निवडलं. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५१५ साली न्यूरेंबर्ग शहरात छापलेला गेंडा. ड्यूररने हा प्राणी कधीच पाहिला नव्हता.

गट पणजीजवळच्या एका छोट्या वाचनालयात जमतो. मुलं नऊ ते तेरा वर्षांची. घरात मराठी किंवा कोंकणी, शाळा बहुतेकांची इंग्रजी माध्यमाची. चित्रकलेची आवड सगळ्यांनाच आहे असं नाही. आईबाबांचा बाजार होईपर्यंत थांबायचं म्हणून येणारीही आहेत. अशा मिश्र गटात चित्राला एक गोष्ट असली, आणि त्या गोष्टीत आपलं गाव असलं, तर फार फरक पडतो. या गेंड्याची गोष्ट गोव्यातूनच सुरू होते.

१५१४ साली पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. सुलतानाने परवानगी दिली नाही, पण वकिलांना रिकाम्या हातांनीही परत धाडलं नाही. त्याने दिलेल्या भेटींत एक जिवंत गेंडा होता. आल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा पहिला मॅन्युएल याला पाठवायचं ठरवलं. १५१५ च्या जानेवारीत ‘नोसा सेन्योरा द आजुदा’ या जहाजातून गेंडा आणि त्याची देखभाल करणारा माणूस गोव्याहून निघाले. पोर्तुगीज कागदांत त्या माणसाचं नाव ‘ओसेम’ असं आलं आहे. मोझांबिक, आफ्रिकेचं दक्षिण टोक, सेंट हेलेना, अझोर्स बेटं असा वळसा घालून जहाज २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोचलं. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा.

लिस्बनमध्ये खळबळ उडाली. हत्ती आणि गेंडा हाडवैरी असतात असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं होतं. राजाने ते पडताळून पाहायचं ठरवलं. ३ जूनला, ट्रिनिटी या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, गेंडा आणि एक तरुण हत्ती समोरासमोर आणले गेले. हत्तीने पळ काढला. प्रबोधनकाळाचा स्वभाव मुलांना सांगायला हा एक प्रसंग पुरतो असं मला वाटतं. जुन्या ग्रंथाबद्दल अपार आदर, आणि तरीही त्यात लिहिलेलं डोळ्यांनी बघायची अनावर इच्छा. (काही वर्षांनी पेशावरकडच्या शिकारीत बाबरालाही याच गोष्टीचं कुतूहल होतं. त्याने ‘बाबरनाम्या’त लिहिलंय की माहुतांनी हत्ती पुढे घातले तेव्हा गेंडा समोर न येता दुसरीकडेच पळाला. मुलांनी लगेच गुण मांडले: हत्ती एक, गेंडा एक.)

त्याच सुमाराला लिस्बनमध्ये राहणारा वालेंतिम फर्नांदिश नावाचा छापखानेवाला न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहीत असे. गेंड्याची बातमी आणि कोणीतरी केलेलं एक रेखाटन अशा पत्रांतून जर्मनीत पोचलं. ड्यूररने त्यावरून आधी शाईने चित्र काढलं, जे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग लाकडी ठशासाठी ते नव्याने मांडलं.

इथपर्यंतची गोष्ट मी मुलांना सुरुवातीलाच सांगितली नाही. आधी त्यांना ड्यूररच्या जागी बसवलं.

गेंडा आपल्या मुलांना ठाऊक असतो, काझिरंगाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. म्हणून खेळाला वेगळा प्राणी हवा होता. आफ्रिकेतला आर्डवार्क निवडला, लांब तोंडाचा, मुंग्या खाणारा. तो कोणीच ओळखत नव्हतं. वाचनालयाच्या आतल्या खोलीला लिस्बन ठरवलं, व्हरांडा म्हणजे समुद्र आणि वाटेतल्या डाकेचे रस्ते, पुस्तकांच्या कपाटांमागची जागा न्यूरेंबर्ग. लिस्बनमधल्या मुलाने फोटो थोडा वेळ बघायचा, फोटो काढून घेतल्यावर आठवणीतून एक झटपट रेखाटन करायचं आणि आठ ओळी लिहायच्या. व्हरांड्यातल्याने ते वाचून आपल्या शब्दांत उतरवून पुढे द्यायचं. न्यूरेंबर्गच्या मुलाने त्यावरून असं चित्र काढायचं की जे विकत घ्यावंसं वाटेल.

हा शेवटचा नियम महत्त्वाचा आहे. ‘जसंच्या तसं काढा’ म्हटलं की मुलं घाबरून पुसट, लहान चित्रं काढतात. ड्यूररही संग्रहालयासाठी काम करत नव्हता. लोकांनी पैसे देऊन घरी न्यावा असा छापील कागद त्याला बनवायचा होता, आणि त्याची बायको आग्नेस ते कागद जत्रांमधून विकत असे.

चित्रं भिंतीवर लावली तेव्हा हसण्याचा कल्लोळ झाला. एकाचा आर्डवार्क डुकरासारखा, एकीचा कांगारूसारखा. ज्याच्या वडिलांचं गॅरेज आहे त्या मुलाने लांब तोंडाच्या जागी सरळ मोटारसायकलचा सायलेन्सर काढला होता, जोडाच्या नटबोल्टसकट. पत्रात ‘मुंग्या खातो’ हे वाक्य व्हरांड्यात गळून पडलं होतं, त्यामुळे दोघांनी त्याला मोठे सुळे दिले. मी विचारलं, ‘पत्रात नव्हतं तिथे तुम्ही काय केलंत?’ बराच वेळ चर्चा झाली. शेवटी सगळ्यात कमी बोलणारी मुलगी म्हणाली, ‘ताई, नव्हतं तिथे आपल्याला माहीत असलेलं काहीतरी घातलं.’

यानंतर ड्यूररचा गेंडा समोर ठेवला.

या छापील चित्राचा आकार सुमारे साडेएकवीस बाय तीस सेंटिमीटर. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा मूळ आकारात कागदावर छापून प्रत्येक दोघांत एक प्रत देणं मला आवश्यक वाटतं, आणि सोबत भिंग. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम या दोघांकडे त्याची प्रत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळांवर चांगली चित्रं मिळतात. भिंग हातात आलं की मूल चित्राकडे पोलिसासारखं बघायला लागतं. काही मिनिटांत यादी तयार झाली. मानेच्या मागे, पाठीवर एक छोटं पिळदार शिंग आहे. पायांवर खवले आहेत. मागच्या कडेला करवतीसारखे दात आहेत. गळ्याला चिलखताचा पट्टा असावा तसं काहीतरी आहे. आणि पत्रे रिबिटांनी जोडल्यासारखे दिसतात. हे रिबिटांचं अर्थातच गॅरेजवाल्या मुलाने सांगितलं.

न्यूरेंबर्ग हे चिलखत बनवणाऱ्यांचं नावाजलेलं शहर होतं. ड्यूररचा बाप सोनार, त्यामुळे धातूचं काम त्याने लहानपणापासून बघितलेलं, आणि गेंड्याच्या सुमारालाच त्याने चिलखतासाठी काही आराखडेही काढले होते. ‘जाड पत्र्यांनी झाकलेला प्राणी’ असं वर्णन अशा माणसाच्या हातात पडलं की काय होणार? मी उत्तर दिलं नाही, द्यावं लागलं नाही. मुलांनी भिंतीवरच्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं.

इथे थांबलं तर मात्र मुलं ‘ड्यूरर चुकला’ एवढंच घेऊन घरी जातील, आणि ते अर्धंच खरं आहे. म्हणून तिसरी पायरी लागते. आता भारतीय एकशिंगी गेंड्याचा चांगला मोठा फोटो त्याच चित्राशेजारी ठेवायचा. मुलांचा सूर बदलतो. खांद्यापाशी आणि मांड्यांपाशी कातडीच्या त्या मोठ्या घड्या खरोखरच आहेत. पत्रे जोडावेत तशाच त्या दिसतात. अंगावरचे उंचवटे आहेत. कानांच्या टोकांचे केस आहेत. आफ्रिकेतल्या गेंड्याला अशा घड्या नसतात, म्हणजे ज्याने लिस्बनमध्ये पहिलं रेखाटन केलं त्याने नीट बघितलं होतं, आणि ड्यूररने ते विश्वासाने घेतलं होतं. मुलांनी यादी पुन्हा केली. या वेळी दोन रकान्यांत: जे खरं निघालं आणि जे घातलेलं निघालं. मला सगळ्या उपक्रमातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपण ज्याला चूक म्हणून हसलो ते बरोबर निघालं, हा अनुभव मुलांना एखाद्या चित्रासमोर येणं ही मोठी गोष्ट आहे.

चित्राच्या वरच्या बाजूला जर्मन मजकूर छापलेला आहे. त्याचा सारांश मी मराठीत वाचून दाखवला: हा प्राणी भारतातून पोर्तुगालच्या राजाकडे आला, रंग ठिपकेदार कासवासारखा, उंची हत्तीएवढी पण पाय आखूड, नाकावरचं शिंग तो दगडावर घासून धार लावतो, हत्ती त्याला घाबरतो, आणि तो चपळ व धूर्त आहे. त्यात प्राणी आल्याचं साल १५१३ छापलंय. १५१५ हवं होतं. छापील गोष्ट चुकीची असू शकते आणि चुकीची असूनही हजारो घरांत पोचू शकते, हे आजच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ड्यूररच्या हयातीत या चित्राच्या चार-पाच हजार प्रती विकल्या गेल्या असाव्यात असा अंदाज केला जातो. त्याच्या मृत्यूनंतरही तोच ठोकळा वापरून पुन्हा पुन्हा छपाई होत राहिली. कॉनराड गेसनर याने १५५१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांच्या मोठ्या ग्रंथातही हाच गेंडा आहे, पाठीवरच्या शिंगासकट. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपातल्या माणसाने डोळे मिटले की त्याला हाच गेंडा दिसत होता.

ठसा आणि हात

छपाई केल्याशिवाय या चित्राचं बळ कळत नाही. लाकडी ठशात चित्रकार ठोकळ्यावर रेषा काढतो आणि कोरणारा कारागीर रेषा सोडून बाकी सगळं लाकूड खणून काढतो. उभी राहिलेली रेषा शाई घेते, खणलेला भाग पांढरा राहतो. ड्यूररसारख्या चित्रकारांचे ठोकळे सहसा असे कसबी कारागीरच कोरत, आणि त्यासाठी नासपतीसारखं घट्ट, बारीक रेषांचं लाकूड वापरत.

लहान मुलांना लाकूड कोरायला देता येत नाही. थर्माकोलच्या ताटलीचा सपाट भाग कापून त्यावर बॉलपेनने दाबून रेषा काढल्या, रोलरने शाई फिरवली आणि कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. इथे दाबलेली रेषा पांढरी उमटते, म्हणजे ड्यूररच्या बरोबर उलट. मोठ्या मुलांनी लिनोचे (लिनोलियमचे) तुकडे आणि कोरणी वापरून खरी पद्धत केली. कोरणीच्या पुढे दुसरा हात ठेवायचा नाही आणि कोरणी नेहमी स्वतःपासून दूर ढकलायची, हे दोन नियम त्यांच्याकडून आधी म्हणवून घेतले. पोस्टर कलर रोलरवर पटकन वाळतो. छपाईची पाण्यात विरघळणारी शाई मिळाली तर काम सोपं होतं.

पहिल्या प्रती निघाल्या तेव्हा सगळ्यांची नावं आरशातल्यासारखी उलटी उमटलेली होती. मग ड्यूररच्या ‘ए’ आणि ‘डी’ या आद्याक्षरांच्या प्रसिद्ध खुणेकडे लक्ष गेलं. ठोकळ्यावर ती उलटी कोरली होती, म्हणून कागदावर सुलटी आली. ही खूण म्हणजे सही तर होतीच, पण बाजारातली मुद्राही होती. तिची नक्कल करणाऱ्यांशी ड्यूररचं भांडण झालं होतं. आपलं नाव कामावर असावं, ते दुसऱ्याने वापरू नये, ही कलाकाराची नवी जाणीव प्रबोधनकाळातच ठळक होत गेली. पुस्तकात हे एका वाक्यात येतं आणि विसरलं जातं. स्वतःचं नाव उलटं कोरून बघितलेलं मूल ते विसरत नाही.

ड्यूररच्या बालपणाकडेही इथूनच गेलो. १४८४ साली, तेरा वर्षांचा असताना, त्याने आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. चांदीच्या टोकाने, खास तयार केलेल्या कागदावर. ही रेषा पुसता येत नाही. पुढे मोठेपणी त्याने त्यावर लिहून ठेवलं की मी लहान असताना हे आरशातून काढलं. चित्र आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. गटातल्या मोठ्या मुलांचं वय तेवढंच. खोडरबर न वापरता, पेनने, छोट्या आरशात बघून त्यांनी स्वतःला काढलं. कौशल्य ही निव्वळ देणगी नसते, सोनाराच्या घरातल्या मुलाला रोज हाताने काम करायची सवय होती, हे मी तेव्हा सांगितलं.

दुसरा गेंडा

त्याच १५१५ साली आउग्सबुर्ग शहरात हान्स बुर्कमायर यानेही गेंड्याचा ठसा काढला. तोही प्रत्यक्ष न पाहताच. त्याचा गेंडा खऱ्याच्या बराच जवळ आहे. पाठीवर शिंग नाही, चिलखत नाही, आणि पुढचे पाय बांधलेले आहेत. पण त्याची एकच प्रत आज शिल्लक आहे, तीही आल्बर्टिनात. जगभर गेला तो ड्यूररचा.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मी विचारलं, तुम्ही कोणतं विकत घेतलं असतं? बहुतेकांनी ड्यूररचं म्हटलं. ‘तो राजासारखा उभा आहे’, ‘त्याचं अंग चौकट भरून उरतं’, अशी कारणं आली, आणि चौकटीबद्दलचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. ड्यूररने प्राणी कागदाच्या कडांमध्ये जवळजवळ कोंबला आहे, त्यामुळे तो अवाढव्य वाटतो. एका मुलीने मात्र बुर्कमायर निवडला. ‘याचे पाय बांधलेत. याला कोणीतरी धरून आणलंय हे ड्यूररच्या चित्रात कळतच नाही.’

तिच्या या वाक्याने पुढचे रविवार बदलले. ड्यूररचा गेंडा रिकाम्या जमिनीवर एकटा उभा आहे. ना दोर, ना माणूस, ना जहाज. ओसेम दोन्ही चित्रांत नाही. मग आम्ही ओसेमकडे वळलो. मुलांनी त्याच्या बाजूने प्रवासाची रोजनिशी लिहायची ठरवली, आणि लिहायला माहिती हवी म्हणून नकाशा काढला. जानेवारीतच का निघाले, या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही. ज्यांच्या घरी मासेमारीचे ट्रॉलर आहेत त्यांना जून-जुलैमध्ये समुद्र बंद असतो हे ठाऊक असतं. वारा कोणत्या महिन्यांत कुठून वाहतो हे त्यांनी आजोबांना विचारून आणलं. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे आफ्रिकेकडे नेतात हे त्या काळच्या खलाशांचं मूळ भांडवल होतं, आणि ते ज्ञान अरब, गुजराती खलाशांकडे युरोपियनांच्या कितीतरी आधीपासून होतं.

न्यूरेंबर्गचे व्यापारी गेंड्यात एवढा रस का घेत होते, हाही प्रश्न आला. त्यासाठी मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल दाखवला. १४९२ साली न्यूरेंबर्गसाठी बनवलेला, आज शिल्लक असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल. त्यावर अमेरिका नाही. युरोपातून पश्चिमेला निघालं की सरळ आशियाच लागतो. आणि गोलावर मसाल्यांबद्दल मजकूर लिहिलेला आहे. मिरी, दालचिनी, जायफळ यांचा पैसा ज्या शहरात येत होता तिथेच छापखाने होते, चिलखतं होती आणि ड्यूरर होता. कलेचा आणि बाजाराचा हा संबंध मुलांपासून लपवून ठेवला तर प्रबोधनकाळ परीकथेसारखा होतो.

त्यातूनच सगळ्यात अवघड प्रश्न आला. ‘ताई, पण पोर्तुगीज गोव्यात काय करत होते?’ मी सरळ सांगितलं. १५१० साली आल्बुकर्कने गोवा विजापूरच्या आदिलशाहाकडून युद्ध करून घेतलं, आणि नोव्हेंबरमध्ये शहर जिंकल्यावर तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली. राफाएल त्याच सुमाराला रोममध्ये पोपच्या दालनांत भिंतीचित्रं रंगवत होता. दोन्ही एकाच काळातलं, एकाच युरोपातलं. काही पालकांना वाटलं की एवढ्या लहान मुलांना हे सांगू नये. मला तसं वाटत नाही. रक्तपाताचं वर्णन करायची गरज नसते, पण सुंदर चित्र आणि लुटलेलं शहर यांचा काही संबंधच नव्हता असं शिकवणं हे मुलांशी खोटं बोलणं आहे, आणि गोव्यातल्या मुलांशी तर जास्तच.

मॅन्युएल राजाचा माग जुने गोव्यातच काढता येतो. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी या चर्चचा आजचा सांगाडा सतराव्या शतकातला आहे, पण त्याचा दरवाजा आधीच्या चर्चमधला, मॅन्युएलच्या काळाच्या शैलीतला राखून ठेवला आहे. काळसर दगड, आणि दोन्ही बाजूंना खगोल दाखवणारे कड्यांचे गोल. असा गोल ही मॅन्युएलची स्वतःची खूण होती. गेंडा ज्याच्याकडे निघाला त्या राजाची खूण बसने जाता येईल इतक्या अंतरावर आहे, याने मुलं अक्षरशः उड्या मारत होती. तिथे त्यांनी कागद आणि पेन्सिल घेऊन बसून दरवाजा काढला. ज्यांना गोव्यात येता येत नाही त्यांना लिस्बनच्या बेलें बुरुजाचा फोटो दाखवता येईल; त्याच्या एका कोपऱ्याच्या बुरुजीखाली दगडात कोरलेलं गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे.

गेंड्याचा शेवट

मॅन्युएलला पोपची मर्जी हवी होती. पूर्वेकडच्या समुद्रावर आणि व्यापारावर आपला हक्क पोपने मान्य करावा, हा त्यामागचा हेतू. १५१४ मध्ये त्याने पोप दहावा लिओ याला भारतातून आलेला हान्नो नावाचा हत्ती भेट दिला होता. हा लिओ म्हणजे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला, लोरेन्झोचा मुलगा. राफाएलने त्या हत्तीचं चित्र काढलं होतं. १५१५ च्या डिसेंबरमध्ये गेंड्यालाही गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून रोमकडे रवाना केलं. वाटेत मार्सेयजवळच्या एका बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस तो बघायला आला. त्यानंतर इटलीच्या किनाऱ्याजवळ, पोर्तोव्हेनेरेच्या आसपास, जहाज वादळात सापडलं आणि बुडालं. गेंड्याला चांगलं पोहता येतं. पण हा साखळदंडाने डेकला बांधलेला होता.

हे मी गोष्टीच्या ओघातच सांगितलं, आवाज न बदलता. खोली गप्प झाली. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते भावनेचे होते तसे हिशेबाचेही होते: साखळी कोणी सोडायला हवी होती, वेळ होता का, ड्यूररला हे कळलं का. सगळ्यात लहान मुलाला गोष्टीचा शेवट बदलून हवा होता. त्याने आपल्या रोजनिशीत ओसेमला किल्ली दिली आणि गेंड्याला किनाऱ्याला लावलं. खरं काय घडलं ते ठाऊक असताना दुसरा शेवट लिहिणं याला माझी हरकत नव्हती. शेवटी खाली ‘हे असं झालं नाही’ अशी ओळ त्याने स्वतःहून घातली.

उपक्रमातून काय साधलं, याचं मोजमाप मी परीक्षेने केलं नाही. काही महिन्यांनी याच मुलांना राफाएल, लिओनार्दो यांची चित्रं दाखवली तेव्हा त्यांचे प्रश्न बदललेले होते. हे कोणासाठी काढलं, पैसे कोणी दिले, त्याने हे खरंच पाहिलं होतं का, यात कोण दाखवलेलं नाही. तेरा वर्षांच्या एका मुलाने लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ या भिंतीचित्राबद्दल विचारलं की जेवणाच्या टेबलाच्या एकाच बाजूला सगळे कसे बसलेत, असं कोणी जेवतं का. या प्रश्नातून चित्राची रचना, मठाच्या जेवणघराची ती भिंत, तिथे जेवणारे मठवासी, सगळं उलगडत गेलं. नावं आणि सनावळी नंतर आपोआप येतात. साल पाठ करायला लावलं नव्हतं तरी १५१५ कोणी विसरलं नाही.

वयाप्रमाणे थोडं बदलावं लागतं. नऊच्या खालच्या मुलांना पत्रांची साखळी लांबते. त्यांच्यासाठी फक्त तोंडी वर्णन ऐकून चित्र काढणं पुरे. मोठ्यांना फिलिप्पो सासेत्तीकडे नेता येईल. हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ मध्ये कोचीनला आला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. इथली झाडं, पाऊस, औषधं, माणसं यांबद्दल त्याने मायदेशी लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत, आणि संस्कृत व इटालियनमधल्या काही शब्दांचं साम्य त्याच्या लक्षात आलं होतं. आमच्या गटातल्या दोघी आता त्याच्या मागे लागल्या आहेत.

शेवटचं सत्र ड्यूररच्या दुसऱ्या बाजूसाठी ठेवलं होतं. न पाहिलेला प्राणी काढणाऱ्या याच माणसाने १५०२ मध्ये ससा आणि १५०३ मध्ये गवताचा एक तुकडा जलरंगात काढला, दोन्ही इतक्या बारकाईने की गवतातली एकेक वनस्पती ओळखता येते. दोन्ही चित्रं आल्बर्टिनात आहेत. मुलांनी वाचनालयामागच्या अंगणात काठ्यांनी वीतभर चौकोन आखले आणि पावसाळ्यातलं गवत काढायला बसली. दूर्वा, टाकळा, लाजाळू, आणि नाव माहीत नसलेलं बरंच काही. एका चौकोनात वेफर्सचं रिकामं पाकीट अर्धं चिखलात रुतलेलं होतं. ते चित्रात घ्यायचं की उचलून टाकून मग काढायचं, यावर जोरदार वाद झाला. दोघांनी ते काढलं, छपाईच्या अक्षरांसकट. बाकीच्यांनी आधी उचलून टाकलं. पुढच्या रविवारी बोलायचं काय, ते तिथेच ठरलं.